सासूबाईंची केमो सुरू होतेय, घरी बघणाऱ्या सुनेने काय काय शिकून घ्यायचं?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की निफाडजवळ राहता, सासूबाईंचं ब्रेस्टच्या गाठीचं ऑपरेशन झालंय, आता नाशिकला केमो सुरू होणार, डॉक्टरांकडे फाइल घेऊन मिस्टर आणि दीर जातात, घरी सगळं तुम्हाला करायचंय पण तुम्हाला कोणीच नीट काही सांगत नाही, आणि सासूबाईंना तर अजून कॅन्सर आहे हेच सांगितलेलं नाही. असं शिकवणारं कुठे काही मिळतं का, हा तुमचा प्रश्न.

मी नाशिकमध्ये कॅन्सर वॉर्डात आणि नंतर केमोच्या डे-केअरमध्ये (दिवसभरात औषध देऊन घरी सोडतात तिथे) नर्स म्हणून बरीच वर्षं काम केलंय, आता पेशंटना आणि नातेवाइकांना समजावून सांगायचंच काम करते, त्यामुळे तुमचं वाचून अजिबात नवल वाटलं नाही. हे घरोघरी असंच आहे. केबिनमध्ये जाऊन ऐकतो तो मुलगा, आणि रात्री दोनला उलटीचं भांडं धरते ती सून नाहीतर मुलगी, आणि ती त्या दिवशी बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेली असते. डॉक्टरांनी सांगितलेलं मुलाच्या डोक्यात अर्धं राहतं, घरी येईपर्यंत त्यातलं निम्मं गळतं, आणि सुनेला कळतं ते एवढंच की "काळजी घ्यायला सांगितलीय". काळजी म्हणजे काय करायचं ते कोणीच सांगत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की पहिल्या केमोला तुम्ही स्वतः जा. मिस्टर येऊ देत, दीर येऊ देत, पण तुम्ही जायलाच हव्यात, मुलांची एक दिवस सोय करा, शेजारी ठेवा, काहीही करा. डे-केअरमध्ये औषध चढायला तीन-चार तास तरी लागतात, तो वेळ शिकायला सगळ्यात चांगला, कारण डॉक्टर घाईत असले तरी नर्स तिथेच असते. सरळ म्हणा, सिस्टर, घरी मी बघणार आहे, मला सांगा. आणि तिने सांगितलं की मान डोलावून सोडून देऊ नका, तिला तुमच्या शब्दांत परत सांगून दाखवा, म्हणजे ताप आला तर मी हे करणार, ही गोळी जेवणाआधी, ही लागली तरच. मी स्वतः प्रत्येक नातेवाइकाकडून असं वदवून घेते, कारण "समजलं ना?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात आणि परत सांगायला लावलं की कळतं काय निसटलंय. सगळं एका दिवसात शिकायचाही प्रयत्न करू नका, पहिल्या दिवशी ताप, उलटी, तोंड आणि फोन नंबर एवढं पक्कं झालं तरी पुष्कळ झालं, बाकीचं पुढच्या फेऱ्यांना.

आता ताप. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सगळ्यात खाली असतात, नेमके दिवस औषधावर अवलंबून, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्या दिवसांत साधं इन्फेक्शनसुद्धा काही तासांत रक्तात पसरू शकतं. म्हणून घरात डिजिटल थर्मामीटर हवाच, हाताने कपाळ बघून चालत नाही. जिभेखाली धरून १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर आलं की ती इमर्जन्सी, मग रात्रीचे बारा असोत की पहाटेचे चार. १०० च्या आसपास तासभर टिकून राहिलं तरी फोन करा. आणि फोन करायच्या आधी क्रोसिन-डोलो देऊ नका, ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन तसंच वाढत राहतं, वरून माणूस बरा दिसतो. कधीकधी तर ताप येतच नाही, नुसती हुडहुडी भरते, गळून जातात, बोलणं अडखळतं, चक्कर येते, वयस्कर माणसांत आणि केमोसोबत स्टेरॉइड चालू असताना हे जास्त, तेव्हाही थांबायचं नाही.

निफाडकडच्या लोकांचं नेहमी काय होतं, तर रात्री ताप आला की गावातल्या डॉक्टरांकडे नेतात, ते कमरेत एक इंजेक्शन देतात, ताप उतरतो आणि सगळे म्हणतात सकाळी बघू. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी असताना कमरेतलं इंजेक्शनच आधी नको, आत रक्त साकळू शकतं. आणि "सकाळी बघू" मध्ये जे सहा-सात तास जातात तेच नडतात, कारण या तापात हॉस्पिटलला पोचल्यावर एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा नियम आहे. म्हणून केमोच्या आधीच घरात ठरवून ठेवा, रात्री गाडी कोण काढणार, मिस्टर गावाला असतील तर कोण, नाशिकमध्ये नेमकं कुठल्या दाराने कॅज्युअल्टीत जायचं, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: पेशंट केमोवर आहे, शेवटची केमो या तारखेला, औषधांची नावं ही, ताप आल्यास ताबडतोब सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) आणि अँटिबायोटिक, डॉक्टरांचा नंबर हा. हा कागद फाइलमध्ये एक, फ्रिजवर एक, आणि फोटो तिघांच्या मोबाइलमध्ये. अनोळखी डॉक्टरसमोर अंगातून घाम गळत असताना औषधांची नावं आठवत नाहीत, कागद बरोबर बोलतो.

भिंतीवरचं कॅलेंडरही कामाला लावा. केमोचा दिवस निळ्या पेनाने, सातवा ते चौदावा दिवस लाल पेनाने. लाल दिवसांत लग्नकार्य नाही, बाजार नाही, सर्दी-खोकल्याचे पाहुणे नाहीत, घरात नातवाला कांजिण्या आल्या तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. सासूबाईंना वाचता येत नसेल तरी रंग कळतो, आणि त्या स्वतःच पाहुण्यांना सांगायला लागतात की माझे लाल दिवस आहेत, नंतर या. हे मी खूप घरांत बघितलंय.

आणि इथेच तुमच्या त्या दुसऱ्या गोष्टीकडे येते, सासूबाईंना न सांगण्याची. मला माहितीये घरच्यांचा हेतू काय असतो, आई खचेल, जेवण सोडेल. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण हे मला पटत नाही आणि मी ते घरच्यांना स्पष्ट सांगते. ज्या बाईला माहीतच नाही की आपल्याला काय झालंय ती ताप लपवणार, कारण तिला वाटतं उगाच पोरांना खर्चात कशाला पाडू, जराशी कणकण तर आहे. दोन केमो झाल्या, केस गेले, की ती म्हणणार गाठ तर काढली ना, मग हे विष कशाला घ्यायचं, आणि पुढची तारीख चुकवणार. औषध तिच्या अंगात जातंय, शिकायची सगळ्यात जास्त गरज तिला आहे. आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा त्यांना कळलेलं असतं. डे-केअरच्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीतली बाई पहिल्याच दिवशी विचारते, तुमचा कॅन्सर कुठला. हॉस्पिटलच्या बोर्डावर लिहिलेलं असतं. घरात आल्यावर सगळे गप्प, म्हणून त्याही गप्प, आणि मग एकाच घरात सगळे जण एकट्याने घाबरत बसतात.

सांगायचं कसं, तर एकदम समोर बसवून जाहीर करायचं नाही. आधी विचारायचं. आई, तुम्हाला काय वाटतं, हे ऑपरेशन कशासाठी केलं? त्या काय म्हणतात ते ऐका, तिथूनच पुढे जायचं. अजून काही विचारायचंय का, सगळं ऐकायचंय का, हेही विचारा, एखादी बाई म्हणते मला बारीकसारीक नको, मुलाला सांगा, तर तो तिचा निर्णय, त्याचा मान ठेवायचा. ऐकायचं असेल तर साध्या शब्दांत, गाठ साधी नव्हती, कॅन्सरची होती, ती काढून टाकलीय, परत येऊ नये म्हणून हे औषध द्यायचंय. एवढं बोलून गप्प बसायचं. त्या रडतील, नाहीतर काहीच बोलणार नाहीत, तेव्हा "काही होणार नाही हो तुम्हाला" असं घाईने म्हणू नका, हात धरून बसा. नंतर जे प्रश्न येतात ते मरणाबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त असतात, किती खर्च येणार, शेत विकायला लागेल का, नातीचं लग्न बघेन का, मला हात लावल्याने पोरांना होईल का. या प्रश्नांना खरी उत्तरं द्या, माहीत नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारू म्हणा. घरच्यांना जमत नसेल तर डॉक्टरांना किंवा आमच्यासारख्या काउन्सेलरला सांगा, मुलाला शेजारी बसवून आम्ही सांगतो. पण हे पहिल्या केमोच्या आधी व्हायला हवं, निदान तिच्या संमतीच्या कागदावर अंगठा घेण्याआधी तरी.

रोजच्या गोष्टींकडे येते. तुम्ही औषधांची नावं दिलेली नाहीत, पण ब्रेस्टच्या केमोत बऱ्याचदा ते लाल रंगाचं औषध असतं. ते घेतलं की एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नाही, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर घरात धावाधाव होते. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळायला लागतात, आधीच बारीक करून घेतलेले बरे, उशीवर झुपके बघणं फार जड जातं. उलटीच्या गोळ्या ज्या वेळेवर लिहिल्यात त्या त्या वेळेवर द्या, उलटी झाल्यावर देऊ असं नको, कारण मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त होते. त्याच गोळ्यांनी पोट घट्ट होतं, तीन दिवस संडासला न होणं हे काही "अशक्तपणामुळे" नाही, डॉक्टरांकडून पातळ औषध घ्या. केमोनंतर ४८ तास लघवी-संडास-उलटी यांतून औषध बाहेर पडत असतं, तेव्हा टॉयलेटमध्ये दोनदा भरपूर पाणी टाका, खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. पण म्हणून त्यांना वेगळं ताट, वेगळी खोली, नातवंडं लांब, असलं काही नको. कॅन्सर शिवल्याने होत नाही. पुढे रेडिएशन दिलं तरी बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनचं अंगात काही राहत नाही, संध्याकाळी नातवाला खुशाल मांडीवर घेऊ देत.

केमोच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर ते २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, फ्रिजच्या आतल्या बाजूला, फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की फेकावं लागतं. नाशिकहून नेताना बर्फाच्या डब्यात न्या पण बर्फाला थेट टेकवू नका, आणि तुमच्याकडे लाइट जाते तेव्हा फ्रिज सारखा उघडू नका. केमो संपल्यापासून २४ तास झाल्याशिवाय द्यायचं नाही, गावात कोण टोचणार ते आधी ठरवा. त्याने कंबर, हाडं दुखतात, हे अपेक्षित आहे, त्यावर कुठली गोळी चालेल ते आधीच विचारून ठेवा, आणि ती देण्याआधी ताप मोजायचाच.

तोंडासाठी, एक ग्लास उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ, दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, मऊ ब्रश, आणि मिश्री पूर्ण बंद. मिश्री ही तंबाखूच आहे, बाया ती व्यसनात धरतच नाहीत, डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं की नाही म्हणतात. सोडायला त्रास होत असेल तर १८०० ११ २३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, तिथे समजावून सांगतात.

खाण्याबद्दल सगळ्यात जास्त सल्ले मिळतील आणि त्यातले निम्मे उपाशी मारणारे असतील. साखर बंद करा, दूध बंद करा, भात बंद करा. केमोत माणूस वाळत गेला की केमो पुढे ढकलावी लागते, म्हणून मला वजन महत्त्वाचं. साधारण एका किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन धरा, ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम, एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात तेवढंच. गळ्यात माळ असेल तर अंड्याचा आग्रह नको, वरण घट्ट करा, शेंगदाणे, पनीर, शिजवलेली उसळ, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. एकादशी धरायच्याच म्हणत असतील तर नुसत्या साबुदाण्यावर ठेवू नका, दूध, राजगिरा, दाण्याची आमटी द्या. लाल दिवसांत कच्चे मोड, बाहेरची चटणी, उसाचा रस, पाणीपुरी नको, तोंड आलेलं असताना मिसळ तर नकोच. फळं नीट धुऊन द्या, द्राक्षंसुद्धा चालतात, मी हे मुद्दाम लिहितेय कारण मोबाइलवर "ग्रेपफ्रूट नको" वाचून नाशिकच्या लोकांनी आपली द्राक्षं बंद केलेली मी पाहिलीत. ते ग्रेपफ्रूट पपनसासारखं वेगळंच फळ आहे, काही औषधांसोबत चालत नाही, आपल्या द्राक्षांशी त्याचं नातं नाही. गुळवेल, काढे, कोणीतरी दिलेल्या पुड्या हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गुळवेलीने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस आपल्याकडे नोंदल्या गेल्यात आणि केमोत लिव्हर आधीच कामात असतं. रामकुंडाचं तीर्थ कोणी आणलं तर श्रद्धेने कपाळाला लावा, पोटात नको.

व्हिडिओंचं म्हणाल तर माझी कसोटी साधी आहे, सांगणारा शेवटी काही विकतोय का, आणि चालू ट्रीटमेंट थांबवा म्हणतोय का. यातलं एकही असेल तर बंद करा.

पैशाचं आणि कागदांचं काम दिराकडे द्या, पूर्ण त्यांच्याकडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पूर्वीसारखं फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरतं नाही, पण हॉस्पिटल योजनेत हवं आणि तो आजार-उपचार पॅकेजमध्ये हवा. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, पहिला पैसा भरायच्या आधी त्याच्याकडे जा, कारण ही कॅशलेस योजना आहे, आधी रोख भरून नंतर परत मागू असं धरून चालू नका. चौकशीचा नंबर १५५३८८. नाशिकमध्ये शालिमारजवळचं संदर्भ सेवा रुग्णालय सरकारी आहे, तिथेही कॅन्सरचे उपचार होतात, खर्चाने केमो अर्धी सोडायची वेळ आली तर आधी तिथे विचारा. ट्रस्टच्या हॉस्पिटलांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, तिथल्या सोशल वर्करला भेटा. बायोप्सीचे ब्लॉक-स्लाइड (तपासलेल्या गाठीचे जपून ठेवलेले नमुने), ईआर-पीआर-हर-टूचा रिपोर्ट (कॅन्सर कुठल्या प्रकारचा ते सांगणारा), ऑपरेशनचा रिपोर्ट, हे सगळं मागून घ्या, हर-टू "दोन प्लस" आलं असेल तर ते नक्की करणारी पुढची फिश टेस्ट झाली का ते विचारा, त्यावर औषध बदलतं.

मुंबईला टाटाला दुसरं मत घ्यायला जायचं असेल तर खुशाल जा, इथले डॉक्टर रागावतील ही भीती नको. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत आहे, त्याचा फॉर्म हॉस्पिटल भरून देतं. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये स्लीपर नसतो, बसायचीच गाडी आहे, नुकतीच केमो झालेल्या बाईला ते झेपेल का बघून दिवस ठरवा. राहायला परळला नाना पालकर स्मृती समिती, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, दोन्हीकडे आधी चौकशी करून मगच निघा.

तुमच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही, पण मी लिहिते. आठवड्यातले दोन दिवस, नक्की ठरवून, दुसऱ्या कोणीतरी रात्र काढायची, मिस्टरांनी, नाहीतर नणंद येऊन. "लागलं तर सांग" असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे काम सांगा, बुधवारी सीबीसीला तुम्ही न्या, मुलांचा अभ्यास तुम्ही घ्या. झोप लागत नाही, सारखं रडू येतं, चिडचिड मुलांवर निघते, असं दोन आठवडे चाललं तर स्वतःसाठी डॉक्टरांना भेटा, सासूबाईंच्या फाइलच्या मागे तुमचं लपवू नका. मुलांना सांगा आजीला काय झालंय, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं, त्यांना वाटतं आपण दंगा केला म्हणून आजी आजारी पडली.

आणि नणंदेला एक निरोप द्या. सख्ख्या आईला ब्रेस्ट कॅन्सर झालाय, तर तिने स्वतःची तपासणी कधी सुरू करायची आणि आईची जेनेटिक टेस्ट करायला हवी का, हे आईच्याच डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारावं, आईचे रिपोर्ट समोर असतानाच.